रोमनंतरचे चार दिवस: पोत्सुओलीला जावं का?

पिंपळगाव बसवंतच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या यजमानांची द्राक्षबाग आहे आणि त्या स्वतः शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या आहेत. खरड छाटणी उरकून दोघं मे अखेरीस इटलीला निघालेत. रोमनंतर चार दिवस मोकळे आहेत. समुद्रकाठचं असं गाव हवंय जिथे जुने अवशेष आहेत, खाणं चांगलं मिळतं आणि यजमानांना वाइनच्या द्राक्षांची बाग पाहता येईल. एजंटने पॉम्पेई, काप्री, आमाल्फी अशी बसची सहल सुचवली आहे. ताईंनी पोत्सुओलीचं नाव कुठेतरी वाचलं होतं, पण तिथल्या भूकंपाच्या बातम्या वाचून त्या बिचकल्या. यजमान मासे खातात, ताई शाकाहारी आहेत.

ताई, एजंटचा बेत म्हणजे धावतं दर्शन. बसमध्ये चार तास, रांगेत दोन, आणि देवळासमोर दहा मिनिटं. मी सतरा वर्षं दक्षिण इटलीत छोटे गट नेते आहे, त्याआधी पुण्यात पुरातत्त्व शिकले. तुमच्या तिन्ही अपेक्षा एका जागी पुऱ्या होतील असं गाव विचाराल तर मी पोत्सुओलीचंच नाव घेईन. नेपल्सच्या पश्चिमेला, लोकल गाडीच्या टप्प्यात. आमाल्फीसारखं देखणं नाही. थोडं पडझडीचं, थोडं गोंगाटाचं, वाऱ्यावर कधी कधी गंधकाचा वास. पण तिथले अवशेष, ताटातले मासे आणि पेल्यातली वाइन, सगळ्यांचं मूळ एकाच ज्वालामुखीत आहे, आणि त्याच ज्वालामुखीमुळे तुम्ही घाबरला आहात. म्हणून आधी भूकंपाबद्दल बोलू.

पोत्सुओली डोंगरासारख्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेलं नाही. ते ज्वालामुखीच्या आतच आहे. ‘कांपी फ्लेग्रेई’ म्हणजे जळती शेतं हे या भागाचं नाव. बारा-पंधरा किलोमीटर रुंदीची एक खोलगट परात आहे, तिचा अर्धा भाग समुद्राखाली, आणि तिच्यात लहान-मोठी विवरं. जमिनीखाली वायू आणि तापलेलं पाणी दाब धरतं तेव्हा परातीचा मधला भाग फुगतो, दाब उतरला की हळूहळू खाली बसतो. याला तिथे ‘ब्रादिसिझ्म’ म्हणतात, म्हणजे संथ हालचाल. 1970 ते 1972 आणि 1982 ते 1984 अशा दोन फेऱ्यांत गाव मिळून साडेतीन मीटरच्या आसपास वर आलं. 2005 पासून ते पुन्हा वर चाललंय, आजवर सव्वा मीटरहून जास्त. बंदरात कोळ्यांची एक जुनी लहान गोदी आहे, तिचं पाणी इतकं उतरलंय की होड्या गाळावर टेकलेल्या दिसतात. समुद्र मागे गेलेला नाही, तळ वर आलाय.

जमीन वर येताना भूकंप होतात. ते उथळ असतात, अवघ्या दोन-तीन किलोमीटर खोलीवरचे, त्यामुळे आकडा लहान असला तरी धक्का ठसठशीत बसतो. 2024 च्या मेमध्ये 4.4 चा झाला, 2025 च्या जूनमध्ये 4.6 चा. त्या दोन वर्षांत बऱ्याच इमारतींना तडे गेले, काही कुटुंबांना घरं सोडावी लागली. हे लपवण्यात अर्थ नाही. दुसरीकडे, हा जगातल्या सर्वांत बारीक नजर ठेवल्या जाणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक आहे. 1841 मध्ये स्थापन झालेली व्हेसुव्हियस वेधशाळा दर आठवड्याला इथला अहवाल प्रसिद्ध करते, आणि 2012 पासून इशारा ‘पिवळ्या’ पातळीवर आहे. निघायच्या आठवड्यात ती पातळी बघा. पिवळ्याची नारिंगी झाली असेल तर जाऊ नका, माझ्या शिफारशीलाही धरून बसू नका.

एका संध्याकाळी बंदराजवळच्या खाणावळीत आम्ही बसलो असताना काटे-चमचे किणकिणले. माझ्या गटातले दोघं उठून उभे राहिले. मालकाने टेबलावर तळहात सपाट टेकवला, दोन क्षण थांबला आणि म्हणाला, ‘दोन, फार तर सव्वादोन.’ शेजारच्या टेबलावरचा म्हातारा म्हणाला, ‘अडीच.’ मग दोघांनी फोनमध्ये बघितलं. आपल्याकडे पावसाचे ढग बघून जसं बोलतात, तसं ते चाललं होतं.

तुमच्यासाठी मधला मार्ग सुचवते. रात्रीचा मुक्काम नेपल्सच्या मेर्जेल्लिना भागात करा. तिथून मेट्रोच्या दोन नंबरच्या लाइनने पोत्सुओली वीसेक मिनिटांवर आहे. दिवस तिकडे घालवा, झोप इकडे. पोत्सुओलीतच राहायला मला जास्त आवडतं, पण अपरात्री धक्का बसल्यावर पुन्हा डोळा लागणारी माणसं वेगळी असतात, आणि तुमचा सूर वाचून तुम्ही त्यातल्या नसाव्यात असं वाटतं. मोठ्या धक्क्यानंतर रूळ तपासायला गाड्या थांबवतात. अशा दिवशी टॅक्सीचे पैसे खिशात असू द्या.

आता गावात. पहिली भेट ‘मॅकेलम’ला, म्हणजे रोमन मंडईला. बंदरापासून दोन मिनिटांवर, रस्त्याच्या कडेला खड्ड्यात. कुंपणाबाहेरूनही छान दिसते, त्यामुळे तिकिटाचा विचार नको. 1750 मध्ये ही खणली तेव्हा सेरापिस देवाची मूर्ती सापडली, म्हणून लोक तिला कित्येक वर्षं देऊळ समजत होते. प्रत्यक्षात हा मासळी-मटणाचा बाजार, पहिल्या-दुसऱ्या शतकातला. मधोमध संगमरवराचे तीन खांब उभे आहेत, चाळीस फुटांच्या घरातले. ते नीट बघा. खालचे 12 फूट गुळगुळीत. त्यावर 9 फुटांचा पट्टा भोकाभोकांचा, जणू वाळवी लागलेला. वर पुन्हा साफ. ही भोकं समुद्रातल्या खडक पोखरणाऱ्या शिंपल्यांनी पाडलीत. बाजार खाली खचला, खांबांचा तळ गाळात पुरला गेला म्हणून तो वाचला, त्यावरचा भाग पाण्यात होता तिथे शिंपल्यांनी घरं केली, आणि मग सगळी जमीन पुन्हा वर आली. खांब मात्र उभेच्या उभे राहिले. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने 1830 मध्ये आपल्या ग्रंथाच्या आरंभी याच खांबांचं चित्र छापलं, कारण जमीन संथपणे वरखाली होते याचा इतका सोपा पुरावा दुसरा नव्हता. मी गट घेऊन जाते तेव्हा अर्धा तास इथेच घालवते. कंटाळणारे कंटाळतात.

तुमचे यजमान शेततळ्याचं किंवा पॅकहाउसचं बांधकाम करताना सिमेंटच्या गोणीवर ‘पोर्टलँड पोझोलाना’ हे शब्द वाचत असतील. त्यातलं ‘पोझोलाना’ म्हणजे हेच गाव. इथली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की तो पाण्याखालीही घट्ट बसतो, हे रोमनांना उमगलं होतं. विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने शेजारच्या बाया गावाजवळच्या त्या चमत्कारिक भुकटीबद्दल लिहून ठेवलंय. धक्के, पूल, घुमट यांसाठी ती भूमध्य समुद्रापार नेली जायची. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर हेरोद राजाने सीझेरियाचं बंदर बांधलं त्यातही इथलीच राख आहे. आपल्याकडे आता औष्णिक वीज केंद्रातली राख त्या जागी घालतात, पण नाव पोत्सुओलीचं राहिलं.

मंडईपासून वर चढलात की अँफिथिएटर. आकाराने इटलीत तिसरं, कोलोसियम आणि कापुआनंतरचं. वरच्या पायऱ्यांचा दगड लोकांनी नेला, त्यामुळे पहिल्या नजरेत निराशा होईल. खाली तळघरात उतरा. प्राण्यांचे पिंजरे वर चढवायच्या चौकोनी मोकळ्या जागा, खोल्यांच्या रांगा, विटांच्या कमानी आणि जागोजाग पडलेले खांब, हे सगळं इतकं शाबूत आहे की रोमच्या कोलोसियमच्या तळघरात गर्दीत जे कळत नाही ते इथे एकट्याने फिरताना कळतं. एका शिलालेखात गावाने हे ‘स्वतःच्या पैशाने’ बांधल्याचं कोरलंय. बंदरात तेव्हा पैसा वाहत होता. रोमजवळ मोठं बंदर बांधलं जाईपर्यंत इजिप्तचं धान्य घेऊन येणारी जहाजं पोत्सुओलीलाच लागायची. धान्यासोबत मिरी, कापड, रत्नं, हस्तिदंत असा पूर्वेचा मालही उतरायचा.

इतिहासाच्या बाईंना हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: त्या मालात आपला वाटा होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या ग्रीक माहितीपुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथून गाड्यांवर लादून माल भडोचला येतो असं नोंदलंय, आणि भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटालियन वाइन आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला 1940 च्या दशकात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तुम्ही तिथल्या संग्रहालयात पाहिली असेल. पोत्सुओलीत हे आठवलं की बंदराकडे बघायची नजर बदलते.

‘रिओने तेर्रा’ म्हणजे बंदरावरची टेकडी, गावाचा मूळ गाभा. 1970 च्या मार्चमध्ये जमीन हलू लागल्यावर सुमारे तीन हजार माणसांना तिथून हलवलं. ती परत राहायला आली नाहीत. रिकाम्या घरांची दुरुस्ती करताना खाली रोमन गल्ल्या सापडल्या: दुकानं, बेकरीची जाती, गटारं. त्या भुयारी गल्लीत फिरता येतं, पण फेऱ्या बहुतेक शनिवार-रविवारीच असतात आणि आगाऊ नोंदणी लागते, तेव्हा तुमच्या चार दिवसांत एक शनिवार बसवाच. वर कॅथीड्रल आहे. 1964 च्या मेमध्ये त्याला आग लागली, गिलावा गळून पडला आणि भिंतींच्या आतून ऑगस्टसच्या काळातल्या देवळाचे पांढरे खांब बाहेर आले. 2014 मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा खांबांमधली जागा काचेने भरली होती. आता प्रार्थनेला बसलेला माणूस रोमन देवळात आहे की चर्चमध्ये, ते सांगता येत नाही. काही जाणकार त्या काचेवर नाराज आहेत. मला ती आवडते.

दुसरा दिवस बायाचा. नावाला हसू नका, यजमानांनाही हसू देऊ नका. रोमन धनिकांचं हे लोणावळा, फक्त जरा जास्त बदनाम. सीझर, नीरो, हेड्रियन, सगळ्यांचे वाडे इथे. डोंगरउतारावर स्नानगृहांचे मजल्यावर मजले आहेत. त्यातल्या एकाला उगाचच ‘बुधाचं देऊळ’ म्हणतात. तो एका स्नानगृहाचा घुमट आहे, साडेएकवीस मीटर व्यासाचा, रोमच्या पँथिऑनपेक्षा जुना. आत पाणी भरलंय, फळीवरून आत जाता येतं. हळू बोललेलं समोरच्या भिंतीवरून मोठं होऊन परत येतं. माझ्या एका गटातल्या काकूंनी तिथे भूपाळीची एक ओळ म्हटली, आणि सगळे गप्प झाले.

बायाचा अर्धा भाग जमीन खचल्याने समुद्रात गेला. तीन ते पाच मीटर पाण्याखाली वाड्यांच्या फरशा, रस्ते आणि मोझेक अजून जागच्या जागी आहेत. पोहता येत असेल तर स्नॉर्केल लावून बघता येतात, नाहीतर काचेच्या तळाची बोट आहे. मे अखेरीस समुद्र अजून गार असतो, तुम्ही बोटच घ्या. वारा असेल तर पाणी गढूळ होतं आणि तळ दिसत नाही, म्हणून सकाळची पहिली फेरी पकडा, आणि बोटवाला ‘आज नको’ म्हणाला तर त्याचं ऐका. पाण्याखालचे पुतळे नकली आहेत, खरे वरच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात. सम्राट क्लॉडियसच्या भोजनगृहातला देखावा तिथे मांडलाय: एकडोळ्या राक्षसाला दारू पाजायला निघालेला ओडिसियस आणि कातडी बुधला धरलेला त्याचा साथीदार. समुद्राच्या पाण्याने नीट राहिलेला भाग आणि पोखरलेला भाग एकाच पुतळ्यावर दिसतात, त्याच शिंपल्यांची करामत.

वेळ उरला तर बाकोलीची ‘पिशिना मिराबिलिस’. डोंगरात कोरलेली पाण्याची टाकी, 48 खांब, पंधरा मीटर उंच, मिझेनोच्या रोमन आरमाराला पाणी पुरवणारी. क्षमता साधारण 12,600 घनमीटर. मराठवाड्यातला माणूस असेल तर मी टँकरमध्ये सांगते: दहा हजार लिटरचे 1,260 टँकर. आधी फोन करून वेळ ठरवावी लागते. कूमाला सिबिले या भविष्य सांगणाऱ्या बाईचं 131 मीटर लांब भुयार आहे, वरून दिसणारा समुद्र सुंदर, पण तिथवर सार्वजनिक वाहन बेभरवशाचं आहे. पाय दुखत असतील तर कूमा सोडा. सोल्फाताराचं धुमसणारं विवर 2017 मध्ये तिथे तिघांचा जीव गेल्यापासून बंद आहे. स्टेशनच्या पाटीवर नाव दिसेल, आशा धरू नका.

एक सोय सांगते. अँफिथिएटर, बायाची स्नानगृहं, बायाचा किल्ला आणि कूमा यांचं एकत्र तिकीट मिळतं. पण प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी वेगळी असू शकते, आदल्या रात्री तपासा. बायाचं जुनं रेल्वे स्टेशन बंद आहे, कुमाना या लोकल गाडीने फुसारो किंवा लुक्रिनोला उतरून पुढे चालावं लागतं. ही कुमाना वेळापत्रक मनावर घेत नाही. आपली लाल परी बरी म्हणाल.

खाण्याचं आता सांगते, कारण यजमान वाट बघत असतील. दुपारचं जेवण एक ते तीन, रात्रीचं आठनंतर. मधल्या वेळेत जे उघडं असतं ते पर्यटकांसाठी. फलकावर सहा भाषांत मेनू आणि फोटो असतील तिथून पुढे जा. बंदराजवळ मासळीबाजार आहे, सकाळी तिथे एक चक्कर मारून काय आलंय ते बघा आणि दुपारी तेच मागा. मे अखेरीस शिनाणे भरायला लागतात. या आखातात ते दोरांवर वाढवतात. ‘इम्पेपाता दि कोत्से’ म्हणजे नुसते शिनाणे, भरपूर काळी मिरी, लिंबू, झाकण. बाकी काही नाही. मिरी ज्या बंदरात दोन हजार वर्षांपूर्वी उतरली तिथे ती अशी वापरतात. तिसऱ्यांचं स्पगेटी सगळीकडे मिळेल, चीज मागू नका, वेटरच्या चेहऱ्यावर दुखवटा येतो. ‘अलीची’ ही आपल्या मांदेलीच्या नात्यातली मासळी, तळून किंवा लिंबात मुरवून. आकाराने बोटाएवढी, काट्यासकट. कोणी दबक्या आवाजात ‘दात्तेरो दि मारे’ खाणार का विचारलं तर नाही म्हणा. तो खडक फोडून काढावा लागणारा शिंपला, म्हणजे मंडईच्या खांबांना भोकं पाडणारा तोच. काढायला आणि विकायला बंदी आहे.

ताई, तुमचं जेवण सोपं आहे, पण सावध राहायला हवं. दुधी-भोपळ्याच्या जातीतल्या झुकिनीची फुलं पिठात बुडवून तळतात, आपली भोपळ्याच्या फुलांची भजीच. झुकिनीच्या तळलेल्या चकत्या व्हिनेगर-पुदिन्यात मुरवतात, ती ‘स्कापेचे’. वांग्याची ‘पार्मिजाना’. बटाटा आणि पास्ता एकत्र शिजवून धुरी दिलेलं प्रोव्होला चीज घातलेलं ‘पास्ता ए पताते’, जे वाचताना विचित्र वाटतं आणि खाताना खिचडीसारखं पोटाला धरतं. त्यात कधी कधी डुकराचे तुकडे असतात, विचारा. अडचण मात्र मांसाच्या तुकड्यांची कमी आणि चरबीची जास्त. नेपल्सच्या प्रसिद्ध ‘स्फोल्यातेल्ला’ या पापुद्र्यांच्या गोड पदार्थात आणि मिरीच्या ‘ताराल्ली’त परंपरेने डुकराची चरबी असते. ‘सेन्झा स्त्रुत्तो?’, म्हणजे ‘डुकराच्या चरबीशिवाय?’, हे दोन शब्द पाठ करून ठेवा. निग्रहाने विचारलं की लोक आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतात, टाळाटाळ करत नाहीत.

आणि ‘चिचेर्किया’ मिळाली तर खा. या भागातलं जुनं गरिबांचं कडधान्य, सूप करतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ओळखीचं वाटलं आणि खरंच ओळखीचं निघालं: विदर्भातली लाखोळी. आपल्याकडे तिच्या विक्रीवर एके काळी बंदी होती, रोज पोटभर तेच खाल्लं तर पाय लुळे पडण्याचा आजार होतो म्हणून. इथे ती भिजवून, पाणी टाकून, कधीमधी एक वाटी खातात. तेवढ्याने काही होत नाही.

वाइन. इथे माझ्यापेक्षा यजमानांना जास्त दिसेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फिलॉक्सेरा हा मुळांवर जगणारा कीटक युरोपात पोचला आणि बागाच्या बागा मेल्या. उपाय निघाला तो अमेरिकन वेलाच्या खुंटावर कलम करण्याचा. आज युरोपातली बहुतेक द्राक्षं कलमावर आहेत. कांपी फ्लेग्रेईत मात्र जमीन राख आणि प्युमिस या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या वाळूची, त्या सैल वाळूत हा कीटक टिकत नाही. म्हणून इथे अजून वेल स्वतःच्या मुळांवर उभे आहेत, ‘पिएदे फ्रांको’. यजमानांची थॉमसन द्राक्षं बहुधा डॉगरिज खुंटावर असतील. तोही अमेरिकन खुंटच, पण नाशिकला तो पाण्याच्या आणि क्षारांच्या त्रासापायी आला, किड्याच्या भीतीने नाही. त्यांना बागेत मुळाशी वाकून खुंटाचा जोड शोधायला सांगा. सापडणार नाही.

दोन जाती लक्षात ठेवायच्या. पांढरी ‘फालान्गिना’, नाव वेल बांधायच्या खांबावरून आलं असं मानतात. हलकी, आंबट, शेवटी जिभेवर किंचित मीठ. शिनाण्यांबरोबर हीच. लाल ‘पिएदिरोस्सो’, स्थानिक बोलीत ‘पेर’ ए पालुम्मो’, कबुतराचा पाय, कारण घडाचा देठ तसा लाल. ती जड नसते, थोडी गार करूनही देतात, आणि लालसोबत मासा नको हा नियम इथे लोक सर्रास मोडतात. ‘कांपी फ्लेग्रेई’ हे नाव बाटलीवर 1994 पासून कायद्याने संरक्षित आहे. प्राचीन काळी प्रसिद्ध होती ती जरा उत्तरेची फालेर्नियन. पॉम्पेईच्या एका दारूच्या दुकानाच्या भिंतीवर दर लिहिलेत: एका नाण्यात साधी, दोनात बरी, चारात फालेर्नियन. आता खाणावळीत घरची वाइन पाव किंवा अर्धा लिटरच्या सुरईत मागा, बहुधा फालान्गिनाच येते आणि खिशाला झेपते. महाग बाटलीच्या मागे लागू नका, निदान पहिल्या दिवशी तरी.

बाग बघायला अवेर्नो सरोवराकाठी जा. रोमन कवी व्हर्जिलने पाताळाचं दार म्हटलेलं विवर आता गोल, शांत तळं आहे आणि काठाने द्राक्ष. भोवताली चालायला तासभर लागतो. शेजारी मोंते नुओव्हो, ‘नवा डोंगर’, 1538 मध्ये आठवड्याभरात वर आला आणि एक अख्खं गाव गाडून गेला. वाइनघरं घरगुती आहेत, दारात जाऊन उभं राहू नका. दोन आठवडे आधी ईमेल करा, त्यात यजमान द्राक्ष बागायतदार आहेत हे पहिल्या ओळीत लिहा. दरवाजे वेगळे उघडतील. चाखण्याचे पैसे द्यायचे असतात, थुंकायला भांडं ठेवतात, त्यात थुंकणं असभ्य नाही. मे अखेरीस वेलींना फुलोरा असेल, त्यामुळे कामाच्या माणसाला बोलायला सवड असते. तोडणीचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा, पण तेव्हा तुमची ऑक्टोबर छाटणी, यजमान बाग सोडणार नाहीत.

एक ताकीद, अनुभवावरून. द्राक्षवाल्या माणसाचा हात काडीकडे जातोच. खिशात, पेपरात गुंडाळून, बुटाच्या पिशवीत, मी सगळे प्रकार पाहिलेत. परवान्याशिवाय काडी भारतात आणणं कायद्याने गुन्हा आहे आणि त्याहून वाईट म्हणजे रोग बागेत शिरू शकतो. बूट धुऊन आणा. बाटल्या मात्र माणशी दोन लिटरपर्यंत शुल्काशिवाय आणता येतात.

पॉम्पेई नको का? हवं. पण एक सकाळ. दिवसाला वीस हजारांची मर्यादा घातली आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून आधी काढा, उघडतानाच आत शिरा आणि ऊन चढायच्या आत बाहेर या. परतताना नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय. तिथे हस्तिदंताची वीतभर भारतीय स्त्रीमूर्ती आहे, 1938 मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडलेली. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, बहुधा यक्षी असावी. 79 साली राखेखाली गेली, म्हणजे त्याआधी ती तिथे पोचली होती. तिच्या जवळच्या नात्यातल्या मूर्ती तेरला आणि जालन्याच्या भोकरदनला मिळाल्या आहेत. कधी प्रदर्शनासाठी बाहेर गेलेली असते, तिकीट काढण्याआधी खिडकीवर विचारा. मंगळवारी संग्रहालय बंद असतं.